मोटेराला निघालीस ना, मग ऐक

चिऊ, तुझा मेसेज वाचला. ‘ताई, शनिवारी कोल्डप्ले! काय काय नेऊ ते सांग.’ सांगते गं. सामानाची यादी दोन मिनिटांत होते, ती मध्ये कुठेतरी देईनच. आधी माणसांचं बोलू. पुण्याच्या हॉस्टेलच्या तुम्ही सहा जणी. त्यातल्या पाच जणींना तिकीट मिळालं आणि एकीला नाही. या सगळ्या आनंदात मला तिचीच काळजी जास्त वाटते.

तिकिटं मिळवणं किती कठीण होतं ते आपण दोघींनी पाहिलंय. २०२४ च्या २२ सप्टेंबरला दुपारी बारा वाजता विक्री सुरू झाली आणि एक कोटीहून जास्त लोक रांगेत होते. नवी मुंबईचे १८ आणि १९ जानेवारीचे कार्यक्रम बघता बघता संपले. मग २१ तारखेचा वाढवला, तोही गेला. म्हणून अहमदाबादचे २५ आणि २६ जाहीर झाले. अडीच हजारांचं तिकीट बाहेर लाखाच्या भावाने विकायला निघालं, पोलिसांपर्यंत तक्रारी गेल्या. तेव्हा तुमच्या सहाव्या मैत्रिणीला तिकीट मिळालं नाही यात तिचा काही दोष नाही. पण अशा वेळी माणसाला उगाच आपणच कमी पडलो असं वाटतं. ती ‘जा गं तुम्ही, मला काही वाटत नाही’ म्हणत असेल, तर तिला भरपूर वाटतंय असं समज.

आता शेवटच्या दोन दिवसांत कुणीतरी ‘माझ्याकडे एक जादा आहे’ म्हणून मेसेज करेल. तिला ते घेऊ देऊ नका. तिकिटाचा फोटो कुणीही पाठवू शकतं. तोच फोटो दहा जणांना पाठवलेला असतो आणि दहाही जण गेटवर भेटतात. आधी पैसे पाठवा म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला एक रुपयासुद्धा द्यायचा नाही.

त्यापेक्षा मी सांगते ते करा. तिला सोबत घेऊन जा. तुम्ही बडोद्याला तुमच्या मैत्रिणीच्या आत्याकडे उतरणार आहात ना? मग सहाही जणी जा. शनिवारी तुम्ही पाच जणी अहमदाबादला जाल तेव्हा ती आत्याबरोबर बडोदं बघेल, लक्ष्मीविलास राजवाडा बघेल. आणि रविवारी, २६ तारखेला, अहमदाबादचा दुसरा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवणार आहेत. तो सहाही जणींनी आत्याच्या टीव्हीवर एकत्र बघा. तुम्हाला दुसऱ्यांदा बघायला मिळेल आणि तिला पहिल्यांदा, पण तुमच्यात बसून. सोमवारचं कॉलेज बुडालं तर बुडू दे. उद्या या सहलीच्या आठवणी निघतील तेव्हा तिने गप्प बसून ऐकत राहावं असं मला वाटत नाही. तिलाही त्यात सांगण्यासारखं काहीतरी असायला हवं.

दुसरी गोष्ट पैशांची. मैत्रिणींमध्ये पैशाचं बोलायला संकोच वाटतो आणि नेमका तोच संकोच नंतर कडवटपणा आणतो. तुमच्यातल्या दोघींनी मैदानातली उभ्याची तिकिटं काढली, तिघींनी वरची स्वस्तातली. म्हणजे प्रत्येकीची ऐपत वेगळी आहे हे उघडच आहे. मग जेवण, रिक्षा, गाडीभाडं यांचा बेत जिचं बजेट सगळ्यात कमी तिच्या हिशोबाने आखा, आणि तो तिच्याकडे बोट न दाखवता आखा. निघण्याआधी प्रत्येकीकडून सारखी वर्गणी काढून एकीच्या हाती द्या. वाटेतला चहा, भाडं, पाणी सगळं त्यातून. उरलेल्या खरेदीला आपलं नेहमीचं टीटीएमएम, तुझं तू आणि माझं मी. तिथे बँडचे टी-शर्ट मिळतात, महाग असतात. जिला घ्यायचा तिने घ्यावा, पण ‘आपण सगळ्या सारखे घेऊ या’ असं कुणी म्हणायचं नाही. एखादीला नाही म्हणता येत नाही आणि मग महिनाभर तिची मेस अडचणीत येते.

आत्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. पोहोचल्यावर अंथरुणं घालायला-काढायला मदत करा, सकाळी उठून आपापले कप विसळा. सहा मुली एकदम घरात येतात तेव्हा त्या बाईचं काम किती वाढतं याची जाणीव ठेवा. अहमदाबादच्या हॉटेलांचे दर या दोन दिवसांसाठी कुठच्या कुठे गेलेत, आणि तिने तुम्हाला प्रेमाने घर उघडून दिलंय.

आता घरी सांगण्याचं. काकूंना अजून ‘कॉलेजची ट्रिप’ असंच सांगितलंयस का? तसं असेल तर आज रात्री फोन कर आणि खरं सांग. त्या आधी ओरडतील. ‘एवढ्या लांब? रात्री? गाणी ऐकायला?’ असं सगळं होईल. ओरडू दे, तू शांत राहा. मग गाडीचा नंबर दे, आत्यांचं नाव, पत्ता, फोन दे, सोबतच्या दोन मैत्रिणींच्या आईंचे नंबर दे, परतीचं सांग. काकांना तर कागदावर लिहून दिलेलं फार आवडतं. मी तुझी बाजू घेऊन काकूंशी बोलेन, पण खरं आधी तुझ्या तोंडून जाऊ दे. रात्री बारा वाजता काही अडलं तर पहिला फोन घरी करता आला पाहिजे. खोटं सांगून गेलेली मुलगी नेमक्या त्याच वेळी फोन करायला घाबरते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

आता यादी घे. पायात जुने, सवयीचे बूट. नवे अजिबात नकोत, पाच-सहा तास उभं राहायचंय. अंगात सुती कपडे आणि कमरेला बांधायला एक जाडसर जॅकेट, कारण अहमदाबादला जानेवारीत दुपारी ऊन लागतं आणि रात्री चांगलीच थंडी पडते. कमरेचा छोटा बटवा, त्यात ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, सॅनिटरी पॅड, एखादी वेदनाशामक गोळी, आणि कागदावर लिहिलेले तीन फोन नंबर. फोन बंद पडला की आपल्याला आईचा नंबरसुद्धा आठवत नाही. आत काय न्यायला बंदी आहे त्याची यादी आयोजक देतात, ती शुक्रवारी गाडीत एकीने मोठ्याने वाचावी. गेटवर वस्तू टाकून द्यावी लागली की सगळ्यांचाच मूड जातो.

आणि कानात घालायचे बोळे घे. हसू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण १०० डेसिबलचा जेमतेम २० मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात स्पीकरजवळ तेवढा आवाज सहज असतो आणि तो दोन तास चालतो. संगीतासाठी बनवलेले बोळे मिळतात. त्यांनी गाणं बुजत नाही, फक्त त्याची धार कमी होते. कानातल्या ज्या बारीक पेशी आवाज पकडतात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तुला आयुष्यभर गाणी ऐकायची आहेत, म्हणून सांगते.

गर्दीचं मात्र अगदी लक्ष देऊन वाच. मोटेराच्या नरेंद्र मोदी स्टेडियमची आसनं १ लाख ३२ हजार आहेत, मैदानात उभे राहणारे वेगळे. एवढी माणसं एका वेळी तू कधी पाहिलेली नाहीस. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात १० जण गेले, आणि ते पायाखाली तुडवले जाऊन नाही. उभ्या उभ्या छाती दाबली गेली, श्वास घ्यायला जागा उरली नाही. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कोचीच्या विद्यापीठात संगीताच्या कार्यक्रमाला पाऊस आला, लोक एकाच दारातून आत घुसले आणि चौघांचा जीव गेला. तुला घाबरवायला हे सांगत नाही. गर्दी कशी वागते ते ठाऊक असलं की माणूस वेळेवर बाजूला होतो.

तर खूण अशी. आजूबाजूच्या लोकांचे खांदे तुला चारही बाजूंनी लागायला लागले आणि हात वर करून तोंडापर्यंत नेता येईना, की तिथून निघायचं. गाणं कितीही आवडीचं असो. निघताना गर्दीशी समोरासमोर झुंजायचं नाही. हात कोपरात वाकवून छातीपुढे धरायचे, म्हणजे फासळ्यांपुढे श्वासापुरती जागा राहते. धक्का येईल तेव्हा त्याच्याबरोबर जायचं, तो ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरकायचं. ओरडण्यात श्वास घालवायचा नाही. वस्तू खाली पडली तर वाकायचं नाही, फोन असला तरी नाही. माणूस पडला तर मात्र आजूबाजूच्यांनी मिळून त्याला लगेच उभं करायचं. रॉकच्या गर्दीतला हा जुना नियम आहे आणि खरे चाहते तो पाळतात.

उभ्याचं तिकीट असलेल्या दोघींना सांग, अगदी पुढच्या कठड्याला चिकटायचा हट्ट नको. या दौऱ्यात बँड एकाच जागी थांबत नाही. मुख्य मंचापासून लांब एक मंच पुढे येतो, आणि मग ते चौघं गर्दी ओलांडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अगदी छोट्या मंचावर जाऊन वाजवतात. मागे, मोकळ्यावर उभं राहिलेल्यांनाही ते जवळून दिसतात. नवी मुंबईचा कार्यक्रम मी बघून आले, तेव्हा नेरुळला आमच्या पुढ्यात एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन कडेला निवांत उभ्या होत्या. दोघांनाही सगळं दिसत होतं, आणि पाणी प्यायलाही जाता येत होतं.

आत गेल्यावर फोन लागेल या भरवशावर राहू नका. लाखभर माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात, नेटवर्क बसतं. म्हणून आत शिरतानाच एक जागा ठरवा. ‘गेटपाशी’ एवढं पुरत नाही, गेटचा नंबर आणि त्याच्या शेजारची ठळक खूण ठरवा. वेळही ठरवा, ‘कार्यक्रम संपल्यावर अर्ध्या तासात’. दोघी एका जोडीत, तिघी एका गटात. स्वच्छतागृहात जायचं तरी जोडीने. बायकांची रांग मोठी असते, तेव्हा मुख्य कार्यक्रमाआधी, सुरुवातीचे कलाकार गात असताना जाऊन या. पाणी पिणं मात्र रांगेच्या भीतीने टाळू नका, उपाशी-तहानलेल्या माणसाला गर्दीत चक्कर येऊ शकते. दुपारी पोटभर जेवून निघा.

कुणी गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावला तर संकोचून गप्प बसू नकोस. मागे वळून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल. आजूबाजूचे लोक बहुतेक वेळा तुझ्या बाजूने उभे राहतात, त्यांना फक्त कळावं लागतं. मग जवळच्या पोलिसाकडे किंवा सुरक्षारक्षकाकडे जा. ११२ देशभर चालतो, आणि गुजरातमध्ये महिलांसाठी १८१ वर ‘अभयम’ची मदत मिळते. तुमच्यातल्या कुणाच्या बाबतीत असं झालं तर बाकीच्यांनी ‘जाऊ दे, आता मूड घालवू नको’ असं चुकूनही म्हणायचं नाही. तिच्यासोबत बाहेर यायचं. गाणं राहिलं तर राहिलं.

एवढं सगळं आधी ठरलं असेल ना, की मग कार्यक्रमाचे ते दोन तास पूर्ण तुझे. तेव्हा कसली यादी नको आणि कसली काळजी नको. आत जाताना मनगटावर पट्टा बांधायला देतील. अंधार पडला, पहिलं गाणं सुरू झालं की तो आपोआप उजळतो. तुझा, तुझ्या शेजारणीचा, समोरच्या सज्ज्यातल्या हजारोंचा, सगळ्यांचा एका तालात, लाल, पिवळा, निळा. मी नेरुळला माझ्या शाळेच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. एक नाशिकहून आली होती, एक डोंबिवलीहून, दोघींच्या घरी लहान मुलं. आम्ही ‘यलो’ पहिल्यांदा टीव्हीवर ऐकलं तेव्हा शाळेत होतो, ते गाणंच मुळी २००० सालचं. ते सुरू झालं, सगळं स्टेडियम पिवळं झालं आणि माझ्या नाशिकच्या मैत्रिणीने माझा हात असा घट्ट धरला की पट्ट्याचा वळ उमटला. घर, नोकरी, मुलांचे डबे यातून तिने ही एक संध्याकाळ मोकळी केली होती, आणि ती रडत रडत, शब्द न चुकता गात होती. रडू आलं तर तूही रड. आवाज बेसूर असला तरी गा. तिथे कुणी कुणाकडे बघत नसतं.

फोनवर किती चित्रित करायचं तेही आधीच ठरव. एखादं गाणं, मैत्रिणींचा एखादा फोटो, बस. ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ सुरू झालं की बँडचा गायक ख्रिस मार्टिन मध्येच थांबतो आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो. मग तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा खरंच ठेव. शेजारच्या मैत्रिणीचा चेहरा बघ. ती त्या क्षणी कशी दिसते ते कुठल्याही व्हिडिओत येत नाही. आणि निघताना मनगटावरचा पट्टा परत कर. तो आठवण म्हणून ठेवावासा वाटेल, पण तो पुढच्या गावच्या लोकांसाठी पुन्हा वापरतात आणि बँड सगळीकडे तो परत मागतो. ज्यांचं गाणं आवडतं त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली तर ती द्यावी.

कार्यक्रम संपला की लगेच दाराकडे धावू नका. वीस मिनिटं जागेवर बसा, पाणी प्या, गर्दी ओसरू द्या. मग ठरल्या जागी भेटा, पाचही जणी मोजा आणि मगच हला. मोटेराला स्टेडियमजवळच मेट्रोचं स्टेशन आहे आणि या दोन्ही दिवशी मेट्रो उशिरापर्यंत चालणार आहे. ओल्ड हायकोर्टला गाडी बदलली की काळूपूरला, म्हणजे अहमदाबाद रेल्वे स्टेशनला उतरता. तिथून बडोद्याची गाडी. तिचं आरक्षण आजच बघा, रात्री दीड वाजता प्लॅटफॉर्मवर उभं राहून नको. अनोळखी खासगी गाडीत भाव ठरवून पाच जणींनी कोंबून बसायचं नाही, तो ड्रायव्हरही पहाटेपासून जागा असतो.

आणि ऐक, या प्रवासात एकदा तरी भांडण होईल. झोप कमी, पोटात भूक, पाय दुखत असतात. एक म्हणेल लवकर निघू, दुसरी म्हणेल अजून एक फोटो. तेव्हा आधी सगळ्यांनी काहीतरी खा, मग बोला. निम्मं भांडण खाल्ल्यावर उरत नाही. उरलं तर सकाळी आत्याकडे चहा पिताना मिटवा, पुण्यापर्यंत ओढत आणू नका.

आणि जातानाची एक गंमत. तुमची गाडी शुक्रवारी रात्री वसईवरून जाईल. चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतलेला तो वसईचा किल्ला तुमच्या या बँडच्या ‘हिम फॉर द वीकेंड’च्या व्हिडिओत आहे, हे मैत्रिणींना सांग. बऱ्याच जणींना माहीत नसतं. आपल्या इतक्या जवळच्या भिंती त्या गाण्यात आहेत हे कळलं की ते गाणं आणखी आपलं वाटतं.

चिऊ, बँड पुन्हा येईल. २०१६ मध्ये बीकेसीला आला होता, आता आलाय, पुढेही येईल किंवा दुसरा एखादा येईल. पण विशीत, हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर, स्वतः जमवलेल्या पैशांनी केलेला हा पहिला लांबचा प्रवास पुन्हा येत नाही. पुढे तुमच्या नोकऱ्या लागतील, गावं बदलतील, एकमेकींना भेटायला चार-चार महिने आधी तारखा ठरवाव्या लागतील. तेव्हा ज्या एकमेकींसाठी वेळ काढतील त्या मैत्रिणी अशा प्रवासात घडतात. म्हणून सहाही जणींनी एकमेकींना सांभाळा, एकत्र जा, एकत्र परत या.

काकूंना आजच फोन कर. नंतर मला कर, मी जागी आहे.